खेळगड्यांचे मागणे

याद्या वाचण्याचा मला फार दिवसांचा नाद आहे. वाण्याच्या दुकानात कुणी विसरलेली सामानाची यादी, रुखवतात काय काय मांडावयाचे त्याची यादी, संमेलनाच्या शेवटच्या दिवशी घाईघाईने मंजूर होणाऱ्या ठरावांची यादी, काहीही चालते. माणूस ओळखावयाचा असेल तर त्याची रोजनिशी वाचण्यापेक्षा त्याने बाजारात जाताना खिशात कोंबलेला कागद पाहावा. रोजनिशी लिहिताना तो थोडा तरी नटून बसतो. यादी करताना नटावयास सवड नसते. ‘साखर’ या शब्दाखाली दोन रेघा का मारल्या, ‘तूप’ लिहून मग का खोडले, यात कधी कधी एका कथेचा ऐवज सापडतो.

गेले वर्षभर मी एका निराळ्याच जातीच्या याद्या वाचीत आहे. व्हिडिओ गेम खेळणारी मंडळी, उद्याच्या कन्सोलमध्ये आपल्याला काय काय हवे, याविषयी ज्या याद्या करतात त्या. हे वाङ्मय थोडेथोडके नाही. नवे यंत्र बाजारात येण्याआधी वर्ष-दोन वर्षे त्याला पूर येतो, आणि यंत्र हाती पडले की त्याच्या पुढच्या यंत्राविषयी दुसरा पूर सुरू होतो. आपल्याकडच्या टीकाकारांनी या लेखनाकडे अजून ढुंकूनही पाहिलेले नाही. त्यांचा दोष नाही. त्यांना कवितासंग्रहच पुरेसे आहेत. मी शाळामास्तर माणूस, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, चार कादंबऱ्या नावावर. त्यामुळे मला कोणत्या विषयाने कमीपणा येईल अशी धास्ती नाही.

घरातल्या वडील मंडळींसाठी दोन शब्द आधी सांगितले पाहिजेत. कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडावयाची, केवळ खेळासाठी बनविलेली पेटी. पहिली पेटी अमेरिकेत १९७२ साली आली. तिचे नाव ‘ओडिसी’ आणि तिचा जनक राल्फ बेअर. तिला आवाज नव्हता. पडद्यावर उमटत ते नुसते पांढरे ठिपके आणि एक रेघ. मैदानाचा देखावा हवा असेल तर रंगीत पारदर्शक कागद टीव्हीच्या काचेवर चिकटवावा लागे. आपल्याकडे १९९० नंतरच्या दशकात मुलांच्या हट्टापायी जी कॅसेटची यंत्रे घरोघर शिरली, ती बहुतेक निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या ‘फॅमिकॉम’ची परस्पर केलेली नक्कल होती. कॅसेट चालली नाही की तिच्या तोंडात फुंकर मारावयाची आणि ती पुन्हा खोचावयाची, हा विधी त्या पिढीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. काम पुन्हा खोचण्याने होई. श्रेय मात्र फुंकरीला मिळे. त्या काळी यंत्र बनविणाऱ्याकडे कोणी काही मागत नसे. मागणार कोणाकडे? पेटीवर छापलेले नाव खरे की खोटे याचाच पत्ता नव्हता.

आज मागणारे मागतात, आणि भरपूर मागतात. चित्र अधिक रेखीव हवे, वेग अधिक हवा, साठवणीला जागा अधिक हवी, पंख्याचा आवाज कमी हवा. बहुतेक याद्यांचा आरंभ या मागण्यांनी होतो, आणि त्या वाचताना मला तरी कंटाळा येतो. कारण जे मागितले नाही तरी मिळणारच, ते मागण्यात मागणाऱ्याचे मन उघडे पडत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये प्लेस्टेशनच्या यंत्राची रचना करणारे मार्क सर्नी यांनी एएमडी या कंपनीच्या अधिकाऱ्यासह पुढच्या काळातल्या यंत्राविषयी जे जाहीरपणे सांगितले, त्यात मुख्य गोष्ट प्रकाशाची होती: प्रकाशकिरण भिंतीवर, पाण्यावर कसा उसळतो याचा हिशेब यंत्र अधिक झटपट कसा करील. तो हिशेब ते करतीलच. पाण्यातले प्रतिबिंब सुधारावे म्हणून कोणी अर्ज करण्याची गरज नाही.

याला एक अपवाद मी मानतो. प्लेस्टेशन ५ हे यंत्र २०२० च्या नोव्हेंबरात आले. त्याआधी मार्चमध्ये याच सर्नी यांनी सांगितले होते की, खेळ रचणाऱ्या मंडळींची सर्वांत मोठी मागणी अधिक झटपट साठवणीची होती. फिरत्या तबकडीऐवजी घन साठवण आली आणि एका दालनातून दुसऱ्यात जाताना मिनिट मिनिट पडद्याकडे टक लावून बसणे संपले. ‘लोडिंग’ या एका शब्दापायी या खेळगड्यांच्या आयुष्यातला किती वेळ गेला असेल! ही मागणी दिसावयास वेगाची, पण वस्तुतः ती वेळेची होती. ज्याला संध्याकाळचा एकच तास मोकळा मिळतो, त्याला त्यातली दहा मिनिटे परत मिळाली.

आता मुख्य आक्षेपाकडे येतो, कारण तो घेणारे लोक शहाणे आहेत. ते म्हणतात, खेळणाऱ्याला काय हवे हे खेळणाऱ्याला कळत नाही. याला पुरावाही आहे. निन्टेन्डोचे ‘वी’ हे यंत्र २००६ साली आले. टीव्हीच्या रिमोटसारखी कांडी हातात धरून हवेतच टेनिसचा फटका मारावयाचा, अशी त्याची कल्पना. त्या आधीच्या कोणत्या यादीत कोणा खेळगड्याने असे काही मागितले असेल, यावर माझा विश्वास नाही. तरी ते यंत्र दहा कोटींच्या वर खपले आणि ज्या आजीने कधी खेळाला हात लावला नव्हता ती नातवाला बोलिंगमध्ये हरवू लागली. मागणीवर हुकूम काम करीत बसले असते, तर ‘वी’ जन्मालाच आले नसते.

पण हाच पुरावा उलटा फिरविता येतो. न मागितलेल्या वस्तूंची रांग ‘वी’पाशी थांबत नाही. त्याच निन्टेन्डोचे ‘व्हर्च्युअल बॉय’ १९९५ साली आले. डोळे खोबणीत घालून लाल आणि काळ्या रंगाची दुनिया पाहावयाची. त्याचा कर्ता गुनपेई योकोई. हाताशी धरून खेळावयाचा ‘गेम बॉय’ ज्याने घडविला तोच हा प्रतिभावान माणूस. यंत्र वर्षभरात गुंडाळावे लागले. मायक्रोसॉफ्टने २०१३ साली एक्सबॉक्स वन या यंत्राबरोबर ‘किनेक्ट’ नावाचा डोळा प्रत्येक गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधला. पुढच्याच वर्षी तो वेगळा काढून यंत्र स्वस्त केले आणि २०१७ मध्ये त्याचे उत्पादनच थांबविले. तेव्हा न मागता दिलेले वरदान असते तसे लोढणेही असते.

मला वाटते, घोटाळा होतो तो दोन निरनिराळ्या गोष्टी एका पोत्यात भरल्यामुळे. मी कादंबरी लिहितो. ती क्रमशः छापली जात असताना वाचकांची पत्रे येतात: नायिकेला मारू नका, मास्तरांचे लग्न लावून द्या. मी ती पत्रे जपून ठेवतो आणि नायिकेचे जे व्हावयाचे ते होऊ देतो. त्या बाबतीत वाचकाला मत आहे, अधिकार नाही. परंतु तीच कादंबरी पुस्तकरूपाने निघाली आणि चाळिसाव्या पानापासून दोरा सुटून पाने हातात येऊ लागली, तर? तेव्हा वाचकाने तक्रार केली असता, ‘तुम्हाला साहित्यातले काही कळत नाही’ असे उत्तर कोणी देऊ शकेल काय? गोष्ट कशी असावी हा कर्त्याचा प्रांत. बांधणी टिकावी, पुस्तक माझ्या घरात राहावे, माझ्या चष्म्याला अक्षर दिसावे, हा वाचकाचा प्रांत. खेळगड्यांच्या याद्यांतले जे चांगले आहे ते सारे या दुसऱ्या प्रांतातले आहे. आणि गंमत अशी की, यंत्र करणारे पहिल्या प्रांतातला युक्तिवाद दुसऱ्यात चालवू पाहतात.

बांधणीचेच उदाहरण घेऊ. कन्सोलचा खेळ ज्या साधनाने चालवावयाचा त्याला कंट्रोलर म्हणतात. त्यावर अंगठ्याने फिरवावयाच्या दोन लहान दांड्या असतात. दांडी पुढे ढकलली की पडद्यावरचा माणूस चालू लागतो. काही महिन्यांनी असे होते की, अंगठा लावला नाही तरी तो माणूस आपला चालतच राहतो. झोपेत चालणाऱ्या रोग्यासारखा भिंतीवर जाऊन आदळतो. मुले याला ‘ड्रिफ्ट’ म्हणतात. कारण अगदी साधे आहे. दांडीच्या पोटात एक बारीक पाते एका पट्टीवर घासत असते. घासणारी वस्तू झिजते. पट्टी झिजली की दांडी स्थिर असूनही यंत्राला ती सरकल्याचा भास होतो.

निन्टेन्डोच्या २०१७ सालच्या ‘स्विच’ या यंत्राच्या बाबतीत हे दुखणे इतके बोकाळले की, २०१९ साली अमेरिकेत खटले झाले आणि जून २०२० मध्ये कंपनीचे अध्यक्ष फुरुकावा यांना ग्राहकांना झालेल्या त्रासाबद्दल क्षमा मागावी लागली. यावर उपाय काय? याद्यांत तो ठळक लिहिलेला असतो: घासणाऱ्या पात्याऐवजी लोहचुंबक वापरा. चुंबक किती सरकला ते न शिवताच ओळखता येते. जेथे स्पर्श नाही तेथे झीज नाही. पदार्थविज्ञानात याला ‘हॉल परिणाम’ म्हणतात. मागणी ऐकून असे वाटेल की, हे उद्याचे काही अजब शास्त्र असावे. पण सेगा कंपनीच्या ‘ड्रीमकास्ट’ यंत्राच्या कंट्रोलरमध्ये चुंबकाची दांडी १९९८ सालीच होती! ते यंत्र धंद्यात बुडाले आणि त्याबरोबर दांडीही बुडाली. जून २०२५ मध्ये ‘स्विच २’ आले. त्यातही चुंबकाची दांडी नाही, असे खुद्द निन्टेन्डोच्या माणसांनी सांगितले. सत्तावीस वर्षांपूर्वी एकाने जे करून दाखविले ते उद्याच्या यंत्रात असावे, असे मागणाऱ्याला हावरट कसे म्हणावे?

यादीत याच्याही वर ज्या मागणीखाली दोन रेघा मारलेल्या असतात, तिच्याविषयी मला सविस्तर लिहावयाचे आहे. ती मागणी अशी: मी पैसे देऊन घेतलेला खेळ माझा राहू द्या.

२०१३ चा उन्हाळा या मागणीच्या इतिहासात महत्त्वाचा. मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन जाहीर केले. त्याच्या नियमांत असे होते की, यंत्राने चोवीस तासांतून एकदा तरी इंटरनेटवरून कंपनीकडे हजेरी लावली पाहिजे. आणि खेळाची तबकडी मित्राला देण्यावर नाना अटी. खेळगड्यांनी एकच गिल्ला केला. जूनमध्ये सोनीने एक लहानशी चित्रफीत प्रसिद्ध केली. ‘प्लेस्टेशन ४ वर खेळ मित्राला कसा द्यावा’ हे शिकविण्याचा तिचा आव. तीत एक गृहस्थ दुसऱ्याच्या हातात डबी ठेवतो, दुसरा आभार मानतो, संपले. अर्ध्या मिनिटाचेही काम नाही, पण त्या अर्ध्या मिनिटाने लाखो शब्दांची टीका केली. १९ जूनला मायक्रोसॉफ्टने नियम मागे घेतले. (जाता जाता हेही सांगावयास हवे की, सोनीने त्याच समारंभात, टाळ्यांचा आवाज चालू असताना, इंटरनेटवरून मित्रांशी खेळण्यासाठी यापुढे वर्गणी भरावी लागेल, हेही हळूच सांगून घेतले. जुन्या प्लेस्टेशनवर ते फुकट होते. आजच्या याद्यांत ‘ही वर्गणी काढून टाका’ ही ओळ असते तिचा उगम तेथे आहे.)

लढाई जिंकली, पुढे काय झाले? तबकडी राहिली, पण आतून पोकळ होऊ लागली. प्लेस्टेशन ५ प्रो हे २०२४ च्या नोव्हेंबरात सातशे डॉलरला आले. एवढ्या किमतीत तबकडी घालावयाची खाच नाही, ती निराळी विकत घ्यावयाची. स्विच २ साठी निन्टेन्डोने ‘गेम-की कार्ड’ नावाची एक वस्तू काढली. दुकानातून डबी आणावी, उघडावी, आत कार्ड असते. पण कार्डात खेळ नसतो. खेळ इंटरनेटवरून उतरवून घ्यावयाचा, कार्ड ही केवळ किल्ली. उद्या ते दुकान मिटले तर किल्ली हातात राहील, घर नाही. आणि दुकाने मिटतात. निन्टेन्डोने आपल्या थ्रीडीएस आणि वी यू या दोन यंत्रांच्या इंटरनेटवरील दुकानातली विक्री २७ मार्च २०२३ ला बंद केली. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० चे दुकान जुलै २०२४ मध्ये मिटले. सोनीने मार्च २०२१ मध्ये प्लेस्टेशन ३ चे दुकान बंद करण्याचे जाहीर केले होते. ओरड झाली म्हणून महिन्याभरात तो बेत तिने मागे घेतला.

२०२३ साली अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने एक पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यातला आकडा असा: अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात विकत मिळत नाहीत. शंभरातले सत्त्याऐंशी! आपल्याकडची जुनी पुस्तकेही मिळत नाहीत, हे मला कोणी सांगावयास नको. माझी पहिली कादंबरीच आज दुकानात मिळत नाही. पण तालुक्याच्या वाचनालयात तिची एक प्रत आहे. पाठ शिवलेली, कुणीतरी समासात शाईने ‘खोटे’ असे लिहिलेली. प्रकाशकाचा तिच्यातला रस संपला, तरी त्याने रात्री माणूस पाठवून ती प्रत कपाटातून काढून नेली नाही. तसे करावयाची सोयच छापील पुस्तकात नाही.

खेळात ती सोय आहे, आणि ती वापरली गेली. यूबिसॉफ्ट कंपनीचा ‘द क्रू’ हा मोटार हाकण्याचा खेळ २०१४ साली निघाला. त्यात अमेरिकेचा सारा विस्तार लहान करून मांडला होता. एका किनाऱ्यावरून निघून वाळवंटे, डोंगर ओलांडून दुसऱ्या किनाऱ्यावर गाडी नेता येई. तो एकट्यानेही खेळता येई, पण एकट्याने खेळतानाही कंपनीच्या यंत्राशी तार जोडलेली असावी लागे. ३१ मार्च २०२४ ला कंपनीने ती तार तोडली. ज्यांच्या घरी तबकडी होती त्यांच्या घरी तबकडी राहिली. पडद्यावर रस्ता उमटेना.

यावरून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही चळवळ निघाली. रॉस स्कॉट नावाच्या गृहस्थाने ती सुरू केली आणि युरोपातल्या नागरिकांच्या अर्जावर जुलै २०२५ मध्ये दहा लाखांच्या वर सह्या झाल्या. मागणी एवढीच की, विक्री थांबवावयाची तर थांबवा, पण जाताना विकलेला खेळ चालू स्थितीत ठेवून जा. युरोपातल्या खेळ-कंपन्यांच्या संघटनेने उत्तर दिले: खाजगी यंत्रांवर खेळ चालू दिला तर खेळणाऱ्यांच्या सुरक्षिततेची हमी राहत नाही, आणि असे खेळ रचणे परवडणार नाही. या उत्तरात अगदीच तथ्य नाही असे नाही. काही खेळ जत्रेसारखे असतात. हजार माणसे एका वेळी जमली तरच त्यांना अर्थ. जत्रा उठली, पाळणा मोडला, याबद्दल जत्रा भरविणाऱ्याला जन्मठेप देता येत नाही. सोनीचा ‘कॉन्कॉर्ड’ २०२४ साली ऑगस्टच्या अखेरीस निघाला आणि सप्टेंबरच्या ६ तारखेला बंद झाला. गिऱ्हाईकच फिरकले नाही. कंपनीने पैसे परत केले. ते मी सरळ वागणे समजतो. पण ‘द क्रू’मधला जो माणूस एकटाच रात्री गाडी काढून समुद्राकडे जात होता, तो कोणत्या जत्रेत होता? त्याचा रस्ता का खणून काढला?

येथे माझा स्वार्थ आहे, तो सांगून टाकतो. टीका करावयाची म्हणजे परत वाचावयाचे. पहिल्या वाचनात भारावून जावे, दहा वर्षांनी पुन्हा उघडावे, आणि तेव्हा जे उरते त्यावर लिहावे. याहून निराळी टीकेची रीत मला ठाऊक नाही. खेळ ही कला आहे की नाही याचा वाद घालणाऱ्यांनी आधी हे पाहावे की, ती परत पाहता येते की नाही. ज्या खेळाकडे परत जाता येत नाही त्याची केवळ आठवण सांगता येते, आणि आठवणी सांगणारे आपल्याकडे आधीच पुष्कळ आहेत. म्हणून उद्याच्या यंत्रात जुने खेळ चालावेत या मागणीला मी सर्वांत वरचे पान देतो. ती अशक्य नाही. २०२० सालच्या एक्सबॉक्स यंत्रांवर २००१ सालच्या पहिल्या एक्सबॉक्सचे कित्येक खेळ चालतात, आणि जून २०२५ मध्ये पुढच्या यंत्राची घोषणा करतानाही मायक्रोसॉफ्टने जुना संग्रह चालत राहील असे आश्वासन दिले. प्लेस्टेशन ५ वर चौथ्या प्लेस्टेशनचे जवळजवळ सगळे खेळ चालतात. अडते ते तिसऱ्यापाशी. २००६ सालच्या त्या यंत्राचा ‘सेल’ नावाचा मेंदू इतका तऱ्हेवाईक होता की, त्याची भाषा नव्या मेंदूला समजावणे कठीण. सोनीने २०२२ साली तोड काढली, ती अशी की दूरच्या यंत्रावर तिसऱ्या प्लेस्टेशनचा खेळ चालवावयाचा आणि त्याचे चित्र तेवढे वर्गणीदाराच्या घरी पाठवावयाचे. पण ती सोय भारतातल्या वर्गणीत घातली नाही.

हातांविषयीची मागणी याद्यांत बहुधा तळाशी असते. मला ती फार वर हवी होती. कन्सोलचा कंट्रोलर दोन धडधाकट हात आणि दहा चपळ बोटे गृहीत धरतो. मायक्रोसॉफ्टने २०१८ साली अपंगांसाठी जो कंट्रोलर काढला त्यात दोन मोठ्या चकत्या आहेत, आणि पाय, कोपर, हनुवटी, ज्याने जमेल त्याने दाबता येतील अशी निराळी बटणे त्याला जोडता येतात. त्याचे खोकेसुद्धा एका हाताने उघडता यावे असे केले आहे. सोनीने २०२३ च्या डिसेंबरात आपला तसाच कंट्रोलर आणला. उत्तम झाले. पण वेगळी महागडी वस्तू विकत घेणे वेगळे आणि मूळ यंत्रातच सोय असणे वेगळे. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या उजव्या हाताची तीन बोटे जन्मापासून आखडलेली आहेत. तो कंट्रोलर गुडघ्यावर ठेवून, बटणांची कामे बदलून घेऊन, डाव्या हाताने क्रिकेट खेळतो. त्याला मी विचारले, “पुढच्या मशीनमध्ये काय पाहिजे रे तुला?” तो म्हणाला, “सर, गेमवाल्याने बटण बदलू दिलं नाही, तरी मशीनने दिलं पाहिजे. प्रत्येक गेममध्ये. आणि एकदा लावलेलं त्याने लक्षात ठेवलं पाहिजे.” आजच्या यंत्रांत पहिली गोष्ट बरीचशी आहे. दुसरी, प्रत्येक खेळाला आपापली मांडणी आठवावी ही, सगळीकडे नाही. दहा पानी याद्यांत इतकी नेमकी मागणी मी क्वचित वाचली.

परदेशी याद्यांत आपल्याकडच्या काही गोष्टी अर्थातच नसतात. ‘वीज गेली तर?’ हा प्रश्न तेथे कोणाला सुचत नाही. खेळ मध्येच थांबवून यंत्र निजवून ठेवावयाची सोय आता आहे. पण निजलेल्या यंत्राची वीज गेली की बहुतेक वेळा थांबविलेला खेळ गेला. भारनियमनाच्या दिवसांत ज्यांनी मेणबत्तीत अभ्यास केला आहे त्यांना या मागणीचे मोल वेगळे सांगावयास नको. किमतीचेही तसेच. पूर्वी यंत्र जुने झाले की स्वस्त होई. प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आले आणि पुढच्याच वर्षाअखेर पाच हजारांनी महागले. कंपनीचा स्वतःचा नवा खेळ तेव्हा ४,९९९ रुपयांचा होता. मध्यमवर्गीय घरात हा खर्च सोसतो तो तबकडीमुळेच. लॅमिंग्टन रोडच्या दुकानात खेळलेली तबकडी द्यावी, वर थोडे पैसे घालून दुसरी आणावी. एक तबकडी पाच घरे फिरते. शाळेच्या जुन्या पुस्तकांचे आपण पिढ्यान्‌पिढ्या हेच करीत आलो. खाच गेली की हा सारा व्यवहार गेला. त्या अमेरिकन यादीत ‘तबकडी ठेवा’ ही हौसेची मागणी असेल. आमच्या आळीत ती पोटाला चिमटा घेऊन केलेली आहे.

आणि भाषा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी ‘राजी’ नावाचा खेळ रचला. एक मुलगी आपल्या हरवलेल्या भावाला शोधत पुराणातल्या दैत्यांशी लढते, अशी कथा. चित्रे आपल्या मातीतली, देऊळ-वाड्यांची. खेळ २०२० च्या ऑगस्टमध्ये प्रथम निघाला तो स्विच या यंत्रावर, आणि ते यंत्र निन्टेन्डोने भारतात अधिकृतपणे विकावयास काढलेलेच नव्हते! पुण्यात रचलेला खेळ पुण्याच्या पोराला खेळावयाचा तर परदेशाहून आलेल्या मामाच्या बॅगेची वाट पाहणे आले. महिना-दोन महिन्यांनी तो इतर यंत्रांवर आला ही गोष्ट वेगळी.

नवी पेटी प्रथम सुरू केली की ती पहिला प्रश्न विचारते: भाषा कोणती? नावांची लांब यादी खाली सरकत जाते. मी ज्या ज्या घरी ती सरकताना पाहिली, तेथे मला मराठी दिसली नाही. या दिवाळीच्या सुट्टीआधी नववीच्या मुलांना मी उद्याच्या कन्सोलची यादी लिहावयास सांगितली. बेचाळीस कागद आले. चित्र, वेग, ड्रिफ्ट, किंमत, वर्गणी, सगळे होते; एकाने तर यंत्राला आईला न दिसण्याचे बटण मागितले होते. मराठीचे नाव एकाही कागदावर नव्हते. विचारले, तर पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, तुम्ही पाहिजे ते लिहा म्हणालात ना? आम्ही मिळण्यासारखं लिहिलं.”